फार स्वच्छ पाणी

२ मार्च, सोमवार

लेक सकाळी आली आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर समुद्र ठेवून गेली. आधी विचारणं नाही, फोन नाही. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी काचेची पेटी, तिच्यात दोन खडक, वर निळसर दिवा, मागे घुरघुरणारा पंप. मासा एकही नाही.

"मासा कुठाय?"

"आई, एवढ्याशा पाण्यात मासा कोंडणं म्हणजे दुष्टपणा. ही प्रवाळं आहेत. जिवंत आहेत."

"जिवंत आहेत तर अशी पडून का?"

"तू थोडा वेळ बघ तर. म्हणजे तू नाही, बाबा."

पेटी मिस्त्रींसाठी आहे. मिस्त्री म्हणजे आमचे हे. उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला, सगळी गल्ली मिस्त्री म्हणते, मग मीही म्हणते. ते मला मेट्रन म्हणतात. मी मेट्रन कधीच नव्हते, ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज होते, पण हा फरक त्यांना समजावून सांगण्यात आता अर्थ नाही.

डिसेंबरात त्यांची छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते खुर्चीत बसून असतात. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. लेकीच्या मते दोष माझा. "बाबा दिवसभर भिंतीकडे बघतात. दुकानात जाऊ देत नाहीस, कुणाला घरात येऊ देत नाहीस. निदान बघायला तरी काही असू दे."

दुकान! मशीनच्या पोटातून निघणारा सुताचा भुगा, रॉकेलमध्ये बुडवलेली चाकं, वर्षानुवर्षांचं काळं तेल. छातीचं हाड तारेने शिवलेल्या माणसाने तिथे जाऊन बसायचं? वरून छान भरलेल्या जखमा आतून चिघळलेल्या मी पाहिल्या आहेत. लेकीने नाही पाहिलेल्या.

मिस्त्रींनी पेटी बघितली आणि म्हणाले, "पंप वाकडा बसलाय. म्हणून आवाज येतो." पुन्हा डोळे मिटले.

६ मार्च, शुक्रवार

प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं, एवढंच माझं ज्ञान होतं. पण हा प्राणी आहे. दगडाला चिकटून, तोंड वर करून बसलेला. पेटी विकणाऱ्या दुकानदाराने लेकीला प्रत्येकाचं हातभर लांब परदेशी नाव लिहून दिलंय. ती नावं माझ्या टेबलावर चालणार नाहीत. चपटी, गोल, हिरवी-नारिंगी आहेत ती बटणं. मागच्या खडकावर दाट हलतं ते गवत. खाली सावलीत लाल मखमली छत्र्या. आणि मधोमध, लांब हिरवी बोटं पसरून बसलेली, कुणी जवळ गेलं की सगळं अंग आत ओढून घेणारी, ती मदर. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदर सुपिरियर हुबेहूब अशा होत्या. प्रार्थनेनंतर त्या आमची नखं तपासायच्या. माझ्या नखांत त्यांना कधी काही सापडलं नाही.

पेटी मिस्त्रींसाठी असली तरी करायचं मलाच आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं. पाणी आटलं की मिठाचं पाणी घालू नकोस, साधं डिस्टिल्ड घाल, असं लेकीने दोनदा बजावलं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, एवढं मला कळतं. बटणांच्या अंगात विष असतं, हातमोजे घाल, असंही म्हणाली. हातमोज्यांबद्दल मला कुणी शिकवू नये.

दुपारी मिस्त्री खुर्ची पेटीजवळ ओढून बसले. ऑपरेशननंतर स्वतःहून खुर्ची हलवण्याची ही पहिलीच वेळ. मीच ओढली असती, छातीवर ताण येतो, पण माझं लक्ष नव्हतं.

"यांना खायला काय देतेस?"

"उजेड. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं. बाहेरचं खाणं दिलं की पाणी नासतं."

"नुसत्या उजेडावर जगतात?"

"बहुतेक."

"मग एवढी तोंडं कशाला दिलीत?"

मी सूप पुढे ठेवलं. बिनमिठाचं, गाळलेलं. त्यांनी तीन चमचे घेतले आणि वाटी सरकवली.

१३ मार्च, शुक्रवार

पाणी तपासायच्या कुप्या आणल्या. पाण्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा. रंग चढला तर पाण्यात घाण. नायट्रेट थोडं निघालं, फॉस्फेट थोडं निघालं. मी कमरेला पदर खोचला. खडक काढून मऊ टूथब्रशने घासले. तळाच्या वाळूतली धूळ नळीने ओढून काढली. दुकानदाराकडून फॉस्फेट शोषणारी पुडी आणली, ती दुप्पट घातली. आठवड्याला थोडं पाणी बदला असं लेकीने दिलेल्या पुस्तकात आहे, मी एक दिवसाआड बदलते.

आज दोन्ही कुप्या पाण्यासारख्या स्वच्छ राहिल्या. शून्य आणि शून्य! हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यावर प्रथमच मनाजोगं काहीतरी झालं असं वाटलं. मिस्त्रींना कुप्या दाखवल्या.

"बघा. काही म्हणजे काही नाही."

"हं," म्हणाले. "रिकामी."

त्यांनी बोट पाण्याकडे नेलं, मदरच्या बोटांना लावून बघायला असेल. मी म्हटलं, आधी कोपरापर्यंत हात धुवा, नखं ब्रशने. त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे," म्हणाले.

सकाळी त्यांना तपासणीला नेलं होतं. डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेलं पोर. फाईल चाळून म्हणतो, "काका, सगळं उत्तम. आता नेहमीसारखं राहायचं. कामावर गेलात तरी चालेल." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरला विचारलं, शिलाई मशीनच्या दुकानात किती प्रकारचे जंतू असतात सांगू का? तो हसला. हसू दे. हा शाळेत असेल तेव्हा मी सर्जनला हात परत धुवायला लावलेत.

२१ मार्च, शनिवार

बटणांचा नारिंगी रंग उतरलाय. आधी वाटलं दिव्याचा दोष. पण गवतही विटक्या चादरीसारखं दिसतंय, आणि मदर दिवसातून फार थोडा वेळ बोटं बाहेर काढते. पाणी तपासलं. शून्य, शून्य. म्हणजे पाण्याचा दोष नाही.

दुपारी भागीदार आला होता. मिस्त्रींच्या दुकानातला भागीदार, भला माणूस, पण बुटांना अंगणभर चिखल आणि शर्टाला तेल. दारातच थांबवलं.

"वहिनी, मिस्त्री जागे आहेत का? दोन मिनिटं बोलतो."

"झोपलेत."

"एक कारागीर विचारतोय. हात चांगला आहे. मिस्त्रींच्या जागेवर बसायचं म्हणतो. ते परत येणार असतील तर मी त्याला नाही म्हणून सांगतो. महिनाभर थांबायचं म्हटलं तरी थांबेन, वहिनी. तुम्ही फक्त सांगा."

खिडकीखालची ती जागा. मिस्त्रींनी स्वतःच्या उंचीला बेतून केलेलं टेबल.

"ते येणार नाहीत," मी म्हटलं. "बसवा त्याला."

तो जायला वळला. मग, "त्यांना विचारायचं ना एकदा," म्हणाला. मी म्हटलं, घरात निर्णय मीच घेते. गेला.

मिस्त्री झोपले नव्हते. आतल्या खोलीत पडून होते. मी सांगितलं नाही. सांगून काय होणार, जीवाला घोर. आजारी माणसापासून काही गोष्टी लांब ठेवायच्या असतात, हे आम्ही नातेवाइकांना रोज सांगत असू.

३० मार्च, सोमवार

रोग आला. खडकांवर आणि वाळूवर तपकिरी बुळबुळीत साय धरलीय, शेंबडासारखी, तिच्यात हवेचे बुडबुडे. सकाळी घासून काढली की संध्याकाळपर्यंत परत. बटणं मिटली ती मिटलीच. एक छत्री गळून पडली.

कुठून आलं हे? माझ्या पेटीत? हात धुतल्याशिवाय मी झाकणाला बोट लावलेलं नाही. आता पाणी रोज बदलते. पंप उकळत्या पाण्यातून काढला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, कचरा साठला असेल, आणखी एक पुडी टाका." टाकली.

मिस्त्रींचं वजन पुन्हा उतरलंय. जेवणात फळांचा गर वाढवला. ते म्हणाले, "मेट्रन, मला भूक नाही गं." मी म्हटलं भूक लागायला आधी खावं लागतं. त्यांनी खाल्लं. सांगितलं की खातात, सांगितलं की झोपतात. एवढा शहाणा रुग्ण मला नोकरीत एकही मिळाला नव्हता. पूर्वी हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा.

लेकीचा फोन. "बाबांचा आवाज असा का येतो?" मी म्हटलं, विश्रांती घेतलेल्या माणसाचा आवाज असाच येतो.

४ एप्रिल, शनिवार

दुकानात जाऊन दुकानदाराची हजेरी घेतली.

तो माणूस म्हणजे तोंडाचा पट्टा. "मॅडम, आमच्याकडे तुम्हाला कुठे सापडणार नाही अशी क्वालिटी." दुकानाच्या मागच्या बाजूला त्याची स्वतःची जुनी पेटी आहे. तिच्याकडे बघून मला भोवळ यायची बाकी राहिली. काचेला हिरवी बुरशी, पाणी पिवळट, तळाला गाळ, त्यातून कसले कसले किडे वळवळतायत. आणि त्या उकिरड्यात बटणं अशी टपोरी, अशी रंगलेली, की जणू आताच रंगात बुडवून काढलीत. माझ्या मदरच्या जातीचं एक धूड बोटं पसरून डोलत होतं.

"ही काय घाण!"

"ती घाण नाही मॅडम, ती जुनी पेटी आहे. तिच्याकडे मी बघतसुद्धा नाही."

"ते दिसतंच आहे. याच पेटीतले तुकडे तुम्ही लोकांना विकता? हाच रोग माझ्याकडे आला. थांबा, तुमचं पाणीच तपासते."

पर्समधून सिरिंज काढली आणि त्याच्यादेखत पाणी ओढून घेतलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. उद्या आकडे कागदावर लिहून त्याच्या गल्ल्यावर चिकटवणार आहे.

५ एप्रिल, रविवार

दुकानदाराचं पाणी तपासलं. नायट्रेटची कुपी लालभडक झाली. फॉस्फेटची निळी. हवा होता तो पुरावा मिळाला.

मग माझं पाणी तपासलं, शेजारी ठेवायला. शून्य, शून्य.

दोन्हीकडच्या कुप्या समोर ठेवून बसून राहिले. त्याच्याकडे घाण आहे आणि प्रवाळं टुणटुणीत आहेत. माझ्याकडे घाण नाही आणि प्रवाळं मरतायत. एखाद्या वॉर्डात असं झालं असतं तर मी काय म्हटलं असतं? रुग्णाला दोष दिला नसता. काळजी घेण्याची पद्धत तपासली असती.

लेकीने दिलेलं पुस्तक पुन्हा काढलं. मी फक्त पाणी स्वच्छ ठेवण्याचं प्रकरण वाचलं होतं. त्याच्या पुढच्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय. नायट्रेट आणि फॉस्फेट अजिबात नसेल तर प्रवाळ उपाशी पडतं. त्याच्या अंगातलं शेवाळच उपाशी पडतं, म्हणून रंग जातो. त्या मोकळ्या जागेत ही तपकिरी साय फोफावते, कारण तिच्याशी भांडायला दुसरं काही शिल्लकच नसतं. उपाय: पाणी बदलू नका. घासू नका. पुडी काढून टाका. खायला द्या. जुन्या पेटीतला थोडा गाळ आणून घाला.

गाळ आणून घाला! हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि फरशी पुसली.

मिस्त्रींनी विचारलं, "काय निघालं?"

"दुकानदाराचं पाणी अतिशय घाण आहे."

"आणि आपलं?"

"आपलं फार स्वच्छ आहे."

ते कितीतरी दिवसांनी हसले. का हसले ते सांगितलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

पुडी काढली. टूथब्रश कपाटात ठेवून कुलूप लावलं, नाहीतर हात शिवशिवतात. दुकानदाराकडून वाटीभर गाळ आणला. तो कागदावरच्या आकड्यांची वाट बघत होता बहुतेक. मी म्हटलं, "गाळ द्या." म्हणाला, "मॅडम, कसला?" "तुमच्या त्या उकिरड्यातला. वळवळणाऱ्या किड्यांसकट." हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही मेल्याने.

खायला बर्फात गोठवलेले सूक्ष्म झिंगे आणलेत. सुईच्या टोकाएवढे. ते विरघळवून बारीक नळीने एकेकाच्या तोंडाशी सोडायचे. हे काम मिस्त्री मागून घेतात. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, सुईच्या नाकाएवढ्या वस्तू हाताळण्यात जन्म गेलाय. मी "हात..." म्हणून थांबले. नळी लांब असल्यामुळे हात पाण्यात जात नाही, म्हणून काही बोलले नाही.

मदरने बोटं आत ओढली, मग एकेक करून बाहेर काढली. झिंगा बोटाला चिकटला. बोट वाकलं, तोंडाकडे गेलं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो.

"खाल्लं गं!" मिस्त्री ओरडले. ओरडले!

मी त्यांना म्हटलं छातीला ताण देऊ नका.

१५ एप्रिल, बुधवार

दुपारी जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "मला लेकीकडे जायचंय. या रविवारी तिला जमणार नाही, पुढच्या रविवारी येते म्हणाली गाडी घेऊन."

"तिकडे? ती दिवसभर कामावर. तिकडे तुमच्याकडे कोण बघणार?"

"कुणी नाही. म्हणूनच."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी औषधांचं विचारलं, पथ्याचं विचारलं, जिन्याचं विचारलं. ते शांतपणे हो म्हणत गेले. शेवटी म्हणाले, "भागीदार येऊन गेला ना?"

"कुणी सांगितलं?"

"खिडकीतून पाठ दिसली. तीस वर्षं शेजारी बसलोय, पाठ नाही ओळखणार? मला वाटलं, तू आज सांगशील. मग वाटलं, उद्या सांगशील. मग माझा मीच फोन करून विचारलं. माझ्या जागेवर माणूस बसलाय म्हणे."

"तुमच्या भल्यासाठी..."

"हो. माहिताय मला." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "भांडायला आलो नाही मी. इथे मी बरा होऊन बसलोय, मेट्रन. बरा झालेला माणूस पुढे काय करतो, ते कुणी सांगत नाही."

ते उठून आत गेले. मी टेबल पुसलं. पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

हे सगळं लेकीचं कारस्थान आहे. तिनेच डोक्यात भरवलं असणार.

२२ एप्रिल, बुधवार

तपकिरी साय विरळ झालीय. बटणांपैकी निम्मी उघडली, कडेने नारिंगी रेघ परत येतेय. काचेवर थोडं हिरवं धरलंय. खरवडायचं नाही असं ठरवलंय. बघवत नाही, पण बघते. कुप्यांना फिकट रंग यायला लागलाय.

मिस्त्रींनी बॅग काढून ठेवलीय. सामान थोडंच. रोज संध्याकाळी मदरला भरवतात, माझ्याशी नीट बोलतात. पाहुण्याशी बोलावं तसं.

त्यांची फाईल काढून बसले होते. का काढली, सांगता येणार नाही. ईसीजी, रक्त, साखर, सगळे आकडे उत्तम. एकही आकडा मर्यादेबाहेर नाही. बराच वेळ बघत बसले आणि परत ठेवून दिली.

२४ एप्रिल, शुक्रवार

मिस्त्रींचे पेचकस आणायला दुकानात गेले. नवा माणूस त्यांच्या जागेवर बसणार असेल तर बसो, पण त्यांच्या हत्यारांना परक्याने हात लावायचा नाही, एवढंच सांगायला गेले होते.

या दुकानात मी फार वर्षांनी पाऊल टाकलं. सुताचा भुगा, तेलाचा वास, भिंतीला टांगलेले पट्टे. खिडकीखाली तो नवा कारागीर, मान खाली घालून काम करत होता. माणूस सभ्य वाटला, हे आणखीनच वाईट.

"त्याला उठवता येईल का?" मी भागीदाराला विचारलं. असं विचारायचं मी ठरवलं नव्हतं.

"वहिनी, त्याने आधीचं काम सोडलं. आता कसं उठवू?"

"बरोबर आहे."

"मी तुम्हाला म्हटलं होतं..."

"म्हटलं होतंत. माझ्या लक्षात आहे."

त्याने हत्यारांची पेटी आणून दिली. कोपऱ्यात एक जुनं मशीन पडलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत तेलाचं काळं मेण चढलेलं, चाक हलत नव्हतं. मी विचारलं हे काय. म्हणाला, "एका शिवणवर्गाचं आहे. जाम झालंय. हे मिस्त्रींशिवाय कुणाला उघडणार नाही, आणि पार्ट आता मिळत नाहीत. भंगारात चाललंय."

"बाहेर रिक्षा उभी आहे, तिच्यात ठेवा," मी म्हटलं.

"अहो वहिनी, घाण आहे ती! तुमच्या घरात?"

"मला दिसतंय घाण आहे. उशांचे अभ्रे शिवायचेत मला. ठेवा."

मशीन घरात आलं तेव्हा मिस्त्री झोपले होते, खरोखर झोपले होते. जेवणाच्या टेबलाशिवाय दुसरं टेबल घरात नाही. वर्तमानपत्रं पसरून मशीन एका टोकाला ठेवलं. दुसऱ्या टोकाला समुद्र. तेलाचा एक थेंब त्या पाण्यावर पसरला तर मदर, बटणं, सगळं संपलं. मग कपाटातून चिकटपट्टी काढली आणि टेबलाच्या मधोमध आडवी लावली. अलीकडे मीठ, पलीकडे तेल.

स्पिरिटचा बोळा घेऊन निदान वरचं मेण पुसावं म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मेट्रन. हात लावलास तर बघ."

२५ एप्रिल, शनिवार

सकाळपासून मशीनचं पोट उघडं आहे. काल त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. फक्त भोवती फिरून बघितलं, चाकाला कान लावला, आणि "कुणी पाणी घातलंय आत, गाढवाने" म्हणाले. बॅग दाराशी होती तशीच आहे.

आज नाश्ता करताना एका हाताने स्क्रू फिरवत होते. आज त्यांनी मीठ मागितलं. मी चिमूटभर दिलं. म्हणाले, "एवढंसं तर तू तुझ्या प्रवाळांनाही देत नाहीस." म्हटलं, त्यांना याच्यापेक्षा कितीतरी जास्त देते. म्हणाले, "तेच म्हणतोय."

मग आतला कुठलासा भाग अडला. डावा हात मशीनमध्ये, नजर आत, त्यांनी न बघता उजवा हात मागे पसरला आणि म्हणाले, "बारका."

मी बारका पेचकस त्यांच्या तळव्यावर ठेवला. मूठ त्यांच्याकडे, टोक माझ्याकडे, थोडा जोर देऊन, म्हणजे हातात आलाय हे बघावं लागू नये. थिएटरात उभा जन्म हेच केलं.

"असं देतात होय तुमच्यात?"

"असंच देतात."

"आमच्या भागीदाराला शिकव. तो फेकतो." पुन्हा हात पसरला. "चिमटा."

दुपारपर्यंत मी उभी होते. ते बोलत होते. मशीनशी बोलत होते, मशीन बनवणाऱ्याला शिव्या देत होते, शिवणवर्गाच्या बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. धाप लागते का यावर माझं लक्ष होतं. लागत नव्हती. पण उद्या लागू शकते. तेल आहे, भुगा आहे, नखांत काळं जाऊन बसलंय. मला हे बरोबर वाटतंय असं नाही. मला भीती वाटतेय. पण कशाची भीती जास्त वाटतेय, हे मी आज ठरवत बसणार नाही.

काम थांबवून त्यांनी संध्याकाळी मदरला भरवलं. आधी हात धुतले, कोपरापर्यंत. मी सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिल, रविवार

लेक गाडी घेऊन आली. दारातच थबकली. टेबलावर एकीकडे निळ्या उजेडात बटणं उघडलेली, दुसरीकडे वर्तमानपत्रावर मांडलेली काळी चाकं, कांड्या, स्प्रिंगा, आणि मध्ये तिचे बाबा, बनियनवर.

"आई, हे काय? तुझ्या टेबलावर?"

"माझं टेबल आहे," मी म्हटलं. "तुझं काय जातंय?"

"बाबा, चला. बॅग कुठाय?"

"थांब गं. शटल बाहेर काढलंय, हे असं उघडं टाकून कसं येऊ?"

"किती वेळ लागेल?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "पार्ट मिळत नाही याचा. घासून नवा करावा लागेल. आता कसं सांगू? तू चहा घे."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल मी काही बोलेन. मी चहाला गेले. चहा झाला, जेवण झालं, ऊन उतरलं. जाताना ती बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या रविवारी येऊ?"

"ये की," ते म्हणाले. "भेटायला ये."

मी तिला खाली गाडीपर्यंत सोडून आले. वर येऊन बघते तर त्यांनी पसारा वाढवलाय. चाकं सुकवायला जागा हवी म्हणून वर्तमानपत्राचं आणखी एक पान उलगडलेलं, आणि ते चांगलं वीतभर चिकटपट्टी ओलांडून समुद्राकडे सरकलेलं. ओलांडलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. कान टवकारून ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी पेटीजवळ गेले. पाणी बघितलं, मदर बघितली. मग चिकटपट्टी सोलून काढली आणि वीतभर अलीकडे, समुद्राच्या बाजूला, परत लावली.

"याच्या पुढे नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले. "मोठा पेचकस दे."